कमलची साळुंकी

मारोतराव गजभियेंनी कधी कुणाची माफी मागितली, असं सांगणारा माणूस शोधून सापडायचा नाही. चूक झाली की ते गप्प बसत. फारच मोठी झाली तर दुसऱ्या दिवशी बायकोच्या आधी उठून चहा टाकत, आणि बायकोनं त्या चहात काय ते समजून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असे. कमलाबाईंनी एकेचाळीस वर्षं समजून घेतलं. आता मात्र चहानं भागणार नव्हतं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जूनच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हा माणूस हॅमिल्टनहून निघून, वेलिंग्टनला विमान बदलून, पार खाली डनीडिनला चालला होता. पोटच्या पोराची माफी मागायला. मांडीवर उशीचा एक अभ्रा होता आणि अभ्र्यात मुखवटा. विमानातल्या मुलीनं तो वरच्या कप्प्यात ठेवायला मागितला, तर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. ती बिचारी सॉरी म्हणून पुढे गेली.

मुखवटा साळुंकीचा होता. कागदाच्या लगद्याचा, तपकिरी, डोळ्यांभोवती पिवळी कडी, चोचही पिवळी. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या त्यांच्या घरामागच्या कुंपणावर रोज सकाळी साळुंक्या येत आणि कमलाबाई त्यांना पोळीचे तुकडे टाकत. "आपल्याकडच्याच आहेत या," म्हणत, "व्हिसा न काढता आल्या." तर आता हा मुखवटा मारोतरावांच्या मांडीवर कसा आला, ते आधी सांगायला हवं.

कमलाबाई मार्चमध्ये गेल्या. मंगळवारी संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, बुधवारी पहाटे संपलं. त्या पहाटे दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मारोतरावांनी फोन काढला, मुलाचा, प्रणयचा, नंबर समोर आणला, आणि तसाच खिशात ठेवून दिला. का, म्हणाल तर कारण अगदी क्षुद्र होतं. सहा वर्षांत त्यानं फोन केला नाही, मग मी का करू? एवढंच. बायको आत चादरीखाली निपचित पडलेली, आणि हे बाहेर कोणी आधी फोन करायचा याचा विचार करतायत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांसाठीच.

शुक्रवारी अंत्यविधी झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, त्रिशरण-पंचशील झालं, पेटी उघडी होती, लोक रांगेनं अंत्यदर्शन घेत होते. तेव्हा धम्मदीनानं विचारलं, "काका, प्रणयला कळवलं ना?" धम्मदीना म्हणजे हॅमिल्टनच्या बुद्धवंदनेच्या ग्रुपमधली, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, कमलाबाईंना मावशी म्हणणारी. मारोतरावांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "कळवलं. येत नाही म्हणाला."

आणि त्या रात्री, सगळं उरकल्यावर, त्यांनी मुलाला इंग्रजीत मेसेज टाकला. मदर एक्स्पायर्ड ऑन वेन्सडे. राइट्स डन. बस. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत असताना ते असेच मेमो लिहायचे.

आता तुम्ही म्हणाल, मुलानं असं केलं तरी काय होतं? चोरी केली? दारू पीत होता? नाही. मुलगा सिव्हिल इंजिनिअर. कौन्सिलमध्ये चांगली नोकरी. सहा वर्षांपूर्वी एक दिवस त्यानं ती सोडली आणि घरी येऊन टेबलावर एक मुखवटा ठेवला. अस्वलाचा. डनीडिनला मिडविंटरचा कार्निव्हल असतो, म्हणाला, तिथं मुखवटे करणाऱ्यांचा एक गट आहे, मी त्यांच्यात चाललोय. हा माझा पहिला. बघा ना बाबा, केस कसे जमलेत.

नेमकं अस्वल. मारोतरावांचं गाव यवतमाळकडलं. गावच्या जत्रेत पालखीपुढे अस्वलाचं सोंग नाचवायचं काम त्यांच्या घराकडे होतं, म्हणजे घराच्या बोकांडी बसवलेलं होतं. त्यांचा बाप ते सोंग तोंडावर चढवून चार पायांवर नाचायचा आणि गावची पोरं त्याला शेणाचे गोळे मारायची. मोठी माणसं हसायची. मारोती सात वर्षांचा असताना एका जत्रेला गोळ्यात दगड निघाला. बाप घरी आला, तोंडावरचं रक्त पुसलं आणि सोंग चुलीत घातलं. "आजपासून या घराचं तोंड कोणी झाकणार नाही," म्हणाला. पुढचे आठ महिने गावानं त्यांच्यासाठी पिठाची गिरणी बंद केली, त्यांनी जात्यावर दळून खाल्लं. मारोतराव पुढे शिकले, इंजिनिअर झाले, परदेशात आले, ते त्या चुलीच्या उजेडात, असं ते स्वतःच भाषणात सांगत.

आणि पोरानं तेच सोंग परत आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मारोतरावांनी ते जमिनीवर टाकून बुटाखाली चिरडलं. प्रणय इतकंच म्हणाला, "आजोबांना दुसऱ्यांनी घालायला लावलं होतं बाबा. मी माझ्या हातानं केलंय." त्यावर मारोतराव जास्तच ओरडले. "या घरात पुन्हा त्याचं नाव निघायचं नाही," हे त्यांनी कमलाबाईंनाही बजावलं. त्यांनी नुसते अस्वलाचे तुकडे केरसुणीनं गोळा केले.

कमलाबाई तशा बोलणाऱ्या नव्हत्याच. पण या भांडणाच्या आदल्या वर्षी त्या ऑकलंडच्या वरच्या बाजूला असलेल्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचा कोर्स करून आल्या होत्या, तेव्हापासून दर जूनमध्ये जायला लागल्या. तिथं पहिल्याच दिवशी फोन जमा करून घेतात, दहा दिवस मौन, घरी निरोप नाही. मारोतरावांना याचा मोठा अभिमान. "आमच्या मिसेस दर वर्षी दहा दिवस आर्य मौन पाळतात," हे ते अगदी नव्या ओळखीतही सांगत. दहा दिवस डब्यातलं खात, भांडी साठवत, आणि ती परत आली की तिचा चेहरा कसा उजळलाय ते बघत. धम्मदीनाच गाडीनं नेऊन सोडायची, आणायची.

मे महिन्याच्या शेवटी ते तिचे कपडे दान करायला म्हणून कपाट आवरायला बसले. विपश्यनेचे पांढरे पंजाबी ड्रेस खालच्या कप्प्यात होते. तीन जोड. दोन जोडांना दुकानाच्या टाचण्या तशाच टोचलेल्या. त्यामागे अभ्रा, अभ्र्यात साळुंकी, आणि विमानाच्या बोर्डिंग पासांच्या चळती. हॅमिल्टन, वेलिंग्टन, डनीडिन. पाच जून, पाच चळती, रबर लावून नीट ठेवलेल्या.

मारोतराव तिथंच फरशीवर बसले. आधी राग आला, खोटं कशाला बोला. पाच वर्षं मला फसवलं, असं ते कपाटाशी मोठ्यानं बोलले. मग मुखवटा पालथा केला. आतून अस्तर लावलं होतं, कमलाबाईंच्या जुन्या मोतिया साडीचं, तिच्याच हातच्या बारीक टाक्यांनी शिवलेलं. नाकाला लावला तर तिच्या पावडरीचा आणि खोबरेल तेलाचा वास. पोरगा आईला विसरला, असं गृहीत धरून त्यांनी त्याला कळवलं नव्हतं. आणि पोराची आई तर दर वर्षी दहा दिवस त्याची होती. त्याच्या आईचं तोंड त्याला शेवटचं बघू न देणारे ते कोण होते?

त्याच दिवशी ते धम्मदीनाकडे गेले. तिनं दार उघडलं, अभ्रा बघितला, आणि काही न विचारता आत घेतलं.

"काका, विपश्यनेला नाही, एअरपोर्टला सोडायची मी मावशीला," ती म्हणाली. "फोनही माझ्याच घरून करायच्या त्याला, दर रविवारी."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला काय सांगितलंत? येत नाही म्हणाला. रात्रभर मी त्या पोराला मनात शिव्या घातल्या. शनिवारी त्याचा फोन आला, तेव्हा कळलं. तो काय बोलला ते नाही सांगत. तुम्ही आपणहून याल म्हणून तीन महिने थांबले. बैल गेल्यावर झोपा करायला का होईना, आलात."

मग तिनं सगळं सांगितलं. कार्निव्हल जूनमध्ये, शनिवारी संध्याकाळी. प्रणयचा पक्ष्यांचा गट आहे, दहा-बारा जणांचा. त्यांचा एक नियम आहे. मुखवटा चढवला की मिरवणूक संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. "त्यावरून मावशी हसायच्या," धम्मदीना म्हणाली. "मी काही यांना खोटं सांगत नाही गं, म्हणायच्या. मौन पाळते की. दहा दिवस नसेल, दोन तास."

तर असे मारोतराव डनीडिनला उतरले. विमान वेलिंग्टनलाच धुक्यात दीड तास अडकलं होतं. त्यांचा बेत होता चार वाजता पोचायचा, मुलाला बाजूला घ्यायचं, तयार केलेली वाक्यं बोलायची. वाक्यं तीन होती, घोकून पाठ केलेली. पण टॅक्सी शहरात शिरली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि काळोख पडला होता. काळ्याकरड्या दगडाची जुनी चर्चं, उंच मनोऱ्याचं रेल्वे स्टेशन, टेकडीवरून घसरत खाली येणारे रस्ते. आणि रस्तोरस्ती माणसं, कागदी कंदील घेतलेली, तोंडं झाकलेली. कोल्हे, चंद्र, मासे, राण्या. टॅक्सीवाला म्हणाला, पुढे बंद आहे साहेब, इथून चालत जा. मारोतरावांनी कॉलर वर केली आणि त्या तोंड झाकलेल्या गर्दीत उघड्या तोंडानं शिरले. आयुष्यात इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यातल्या त्यात एक कोल्हा सभ्य निघाला, त्यानं हॉलचा रस्ता दाखवला.

अष्टकोनी चौकाच्या वरच्या अंगाला एका चर्चचा हॉल होता. दारात लोकरीची टोपी घातलेली एक म्हातारी गोरी बाई बसली होती. "किआ ओरा," तिकडच्या रीतीनं नमस्कार करून ती म्हणाली, "उशीर झाला तुम्हाला, सगळे चढवून बसलेत. आता आत बोलता यायचं नाही."

मारोतरावांनी अभ्र्यातून साळुंकी काढली. बाईनं ती पाहिली आणि तोंडावर हात घेतला.

"कमला," ती म्हणाली.

"आय ॲम हजबंड," मारोतराव म्हणाले. चाळीस वर्षांचं इंग्रजी, पण तेवढंच आलं.

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक असावं. मग उठून म्हणाली, "मुलाला भेटायचं असेल तर दोनच रस्ते आहेत. मिरवणूक संपेपर्यंत इथं माझ्यापाशी बसा. नाहीतर हा चढवा आणि त्याच्याबरोबर चाला. पण चढवलात तर बोलायचं नाही."

आता बसले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण मारोतरावांना वाटलं, इतकी वर्षं ज्याच्यावर थुंकलो ते आज स्वतःच्या तोंडावर घ्यावं. तीच आपली शिक्षा, तीच माफी. पोरगा बघेल की बापानं सोंग चढवलं, आणि त्याला कळेल. सात वर्षांच्या वयापासून त्यांनी जे निषिद्ध मानलं होतं ते करायला ते तयार झाले, आणि त्या भरात मुखवटा कुणाचा आहे, तो बघून समोरच्याला काय वाटेल, हा विचार त्यांच्या डोक्यातही आला नाही. मारोतरावांचं हे नेहमीचंच. स्वतःचं दुःख त्यांना आधी दिसायचं.

बाईनं मागे फीत बांधली. आत एकदम उबदार अंधार झाला, आणि पावडरीचा वास. दोन भोकांतून समोरचं तेवढं दिसत होतं. हॉलमध्ये पक्षी उभे होते, मुके. घुबड, पेंग्विन, पारवा. पलीकडच्या टोकाला एक उंच पांढरा बगळा वाकून कुणाच्या तरी कंदिलाची वात नीट करत होता. तो उठला, वळला आणि त्याला दारात साळुंकी दिसली.

बगळा धावत आला. तीन-चार पावलं खरंच धावत, दोन्ही हात पुढे करून. मग त्याची नजर खाली गेली. काळे, चकचकीत पॉलिश केलेले, नाड्यांची दुहेरी गाठ मारलेले ऑफिसचे बूट. तो जागच्या जागी थांबला. हात हळूहळू खाली आले.

मारोतरावांना तेव्हा कळलं आपण काय केलं ते. पोराची आई क्षणभर दारातून आत आली होती आणि क्षणभरात पुन्हा मेली होती. ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी निदान लांबून मारलं होतं. त्यांना मुखवटा ओरबाडून काढावासा वाटला, पण बाहेर ढोल वाजायला लागले आणि पक्षी रांगेनं दाराबाहेर पडू लागले. बगळा तिथंच उभा होता. सगळे गेल्यावर तो पुढे आला आणि त्यानं साळुंकीचं कोपर धरलं. जोरात नाही, हळूही नाही. मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही आणि रस्ता उताराचा आहे, म्हणून म्हाताऱ्या माणसाला धरतात तसं. आईला असंच धरत असणार. सवयीनं धरलं असेल, माया म्हणून नसेल, असं मारोतरावांनी स्वतःला बजावलं.

ते चालले. दोन्हीकडे माणसांच्या भिंती, कंदिलांचा उजेड, तोंडातून निघणारी वाफ. एक पोरगी बापाच्या खांद्यावर बसलेली, साळुंकीकडे बोट दाखवून खिदळली. मारोतरावांची मान आपोआप खाली गेली, दंडाचे स्नायू ताठ झाले. आता गोळा येणार. साठ वर्षं झाली तरी अंगाला माहीत होतं की हसू आलं की मागून गोळा येतो. पण पोरीनं नुसता हात हलवला. कुणी काही मारलं नाही. लोक मागे सरून वाट करून देत होते. मारोतरावांना बाप आठवला, शेणानं माखलेला, आणि ते मुखवट्याच्या आत रडायला लागले. बापाचं खोटं होतं असं नाही. त्याची चूल खरीच होती. पण पोराचा बगळाही खराच होता, आणि हे कळायला एक बाई मरावी लागली. रडू अस्तरात जिरत होतं, तिच्या साडीत. शेजारी पोरगा होता, कोपर धरून, आणि तोंडातून अक्षर काढायची सोय नव्हती. कमल दर वर्षी दोन तास अशीच चालत असेल, मनात सगळं ठेवून. त्यांच्याबरोबर तर ती एकेचाळीस वर्षं तशीच चालली.

स्टेशनसमोरच्या मोकळ्या जागेत मिरवणूक संपली. ढोल थांबले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पक्ष्यांनी मुखवटे काढले. घुबडाच्या आतून एक लालबुंद, घामेजलेली बाई निघाली आणि पहिलं काय बोलली तर "चिप्स." सगळे हसले. मारोतरावांनी मागची गाठ ओढली, साळुंकी उतरवली. थंड वारा ओल्या तोंडाला झोंबला.

बगळ्यानं मुखवटा काढला नाही. तो तसाच उभा राहिला. जोवर तो तोंडावर आहे तोवर बोलायची सक्ती नाही, हे मारोतरावांना कळलं.

त्यांनी पाठ केलेली तीन वाक्यं आठवून बघितली. एकही आठवेना.

"मी तुला कळवलं नाही," ते म्हणाले. "मुद्दाम नाही कळवलं. आणि लोकांना सांगितलं की तूच येत नाहीस. घराचं तोंड झाकू देणार नाही म्हणणारा मी, तुझ्या आईचं तोंड तुझ्यापासून झाकलं. मला माफ कर, असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण म्हणतो. माफ कर बेटा."

मुखवट्याच्या आतून आवाज आला, जाड, घोगरा. सहा वर्षांनी ऐकलेला.

"कसं दिसत होतं?"

"काय?"

"तोंड. आईचं. शेवटी. तीन महिने मी रोज अंदाज करतोय. दुखत होतं का तिला? शांत होती का? शांत होती, असं धम्मदीनानं सांगितलं, पण ते सगळ्यांनाच सांगतात; तोंड कसं होतं ते तेवढं तुम्ही सांगा. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

खोटं बोलणं सोपं होतं. शांत होती, झोपल्यासारखी, असं सगळेच सांगतात. पण कमलची साळुंकी हातात धरून त्यांच्यानं ते होईना.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पेटी उघडी होती. मी दारात उभा राहिलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडत. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. धीर नव्हता रे. माझ्यानं बघवेना. दवाखान्यातही चादर होती, ती मी उचलली नाही. धम्मदीनानं तिला साडी नेसवली. मी बघितलंच नाही."

आजूबाजूला माणसं कंदील विझवत होती, मुलांना जॅकेटं चढवत होती. मारोतरावांना वाटलं, आता बगळा पाठ फिरवेल, आणि फिरवली तर ते बरोबरच होईल. खरंच त्यानं पाठ फिरवली. चार पावलं गेला. मग न वळताच म्हणाला, "चला."

बंदराच्या बाजूला जुन्या दगडी गोदामांची रांग होती. त्यातल्या एकाच्या दारापाशी तो थांबला, कुलूप काढलं, दिवा लावला. आत डिंकाचा आणि ओल्या कागदाचा वास. भिंतीवर अर्धवट चोची, पिसं, रंगाचे डबे. कोपऱ्यात एक गॅसची शेगडी आणि तिच्याजवळ स्टीलचा डबा, कमलाबाईंच्या अक्षरात चिकटपट्टीवर 'गोडा मसाला' लिहिलेला. दर जूनमध्ये घरातला मसाला का संपतो याचं मारोतरावांना नवल वाटायचं.

प्रणयनं फळीवरून मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं आणि टेबलावर ठेवलं.

"मुखवटा तोंडाला नीट बसावा म्हणून आधी माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा मुखवटा अजून तोंडावरच होता. "प्लास्टरचा. अर्धा तास डोळे मिटून पडून राहायचं, हलायचं नाही. पहिल्या वर्षीचा आहे. मी तीन महिने हा उघडला नाही. मला खरं तोंड कसं होतं ते आधी कळायला हवं होतं. आता ते घरच्या कुणाकडून कळायचं नाही." त्यानं दाराकडे पाहिलं. "तुम्ही बघा. मी बाहेर थांबतो."

दार लागलं. मारोतरावांनी मलमल सोडली.

कमल होती. पांढरी, डोळे मिटलेली. नाकाशेजारचा तीळ, भुवईवरची चिमणीच्या नखाएवढी खूण, हनुवटीवरची घडी. ओठ घट्ट मिटलेले, पण कोपरे वर गेलेले. हलू नको म्हणून पोरानं दटावलं असणार आणि तिला हसू आवरेना झालं असणार. मार्चमध्ये चादरीखाली जे होतं ते असंच होतं की वेगळं, ते आता घरातलं कुणीच सांगू शकणार नव्हतं. हेच काय ते उरलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. गार होतं. या वेळी त्यांनी नजर काढली नाही. "कमल," ते म्हणाले, "कमल गं," आणि पुढे जे म्हणाले ते नवरा-बायकोतलं आहे. एकेचाळीस वर्षांचे सगळे न बोललेले चहा त्यात होते, एवढं सांगितलं तरी पुरे.

मग त्यांना दाराबाहेरची थंडी आठवली. आत ते होते, तिच्याजवळ, आणि पोरगा पुन्हा बाहेर होता. अंत्यदर्शनाच्या वेळी हे दारात उभे होते, आज तो. या वेळीही त्यांनी एकट्यानंच उरकलं असतं आणि नंतर कळवलं असतं, की बघून झालं.

त्यांनी उठून दार उघडलं. प्रणय रस्त्याकडे तोंड करून पायरीवर उभा होता. बगळा त्यानं काढून काखेत धरला होता. पाठमोरा तो अगदी रोडावलेला दिसत होता.

"प्रणय," मारोतराव म्हणाले. "आई गेली रे. लवकर ये."

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये एवढंच बोलायचं होतं. नंबर समोर होता, बटण दाबायचं राहिलं होतं.

प्रणय पायरीवर खाली बसला. बातमी आत्ताच कळावी तसा तो रडला, तोंडावर हात न घेता, मोठ्यानं. मारोतराव त्याला हात लावायला गेले नाहीत. तेवढा हक्क अजून आपल्याला नाही, हे त्यांना समजत होतं. ते नुसते दार उघडं धरून उभे राहिले. बंदरावरून वारा येत होता आणि आतला दिवा हलत होता. बऱ्याच वेळानं प्रणय उठला, बाहीनं तोंड पुसलं. बापाकडे त्यानं पाहिलं नाही. दाराशी बूट काढले आणि आईला बघायला आत गेला.